भावाचा तुटलेला एसीएल आणि आईचा आखडलेला खांदा: ऑपरेशन कधी, कशासाठी

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे रुग्ण आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही पिंपळगाव बसवंतच्या. भाऊ २२ वर्षांचा, कबड्डीत चढाई करून परत वळताना गुडघा फिरला, 'कट्' आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारं लिगामेंट) पूर्ण तुटलेला, शिवाय आतल्या बाजूच्या मेनिस्कसला (दोन हाडांमधल्या गादीला) फाट. एक डॉक्टर याच आठवड्यात दुर्बिणीतून ऑपरेशन करू म्हणतात, दुसरे थांबा म्हणतात, आणि गावातली मंडळी म्हणतात की ऑपरेशन झालं की खेळ संपला. आई ५६ वर्षांची, मधुमेह आहे, उजवा हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. त्यांच्या रिपोर्टात सुप्रास्पिनेटसला (हात वर उचलणाऱ्या खांद्यातल्या स्नायूच्या दोरीला) अर्धवट फाट लिहिली आहे आणि त्यांनाही ऑपरेशन सुचवलं आहे.

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही, पण ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे महिने माझ्याकडे असतात. माझं मत त्या बाजूने येतं, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी भाऊ. एसीएल तुटला म्हणून आठवड्याच्या आत ऑपरेशन करावंच लागतं असं नाही. घाईचं कारण एकच: गुडघा अडकलेला आहे का? मेनिस्कसचा मोठा तुकडा फाटून सांध्याच्या मध्ये सरकला, तर गुडघा शेवटचे काही अंश सरळच होत नाही, कितीही प्रयत्न केला तरी आतून काहीतरी अडवतं. रिपोर्टमध्ये 'बकेट हँडल' असा उल्लेख असला आणि गुडघाही असा अडकलेला असला, तर मात्र सर्जनला लवकर भेटा. तो तुकडा जागेवर नेऊन शिवता येण्याची संधी उशीर केल्याने कमी होत जाते.

तसं नसेल, तर सुजलेल्या, गरम, आखडलेल्या गुडघ्यावर लिगामेंट बसवण्यात तोटाच जास्त. सूज असताना ऑपरेशन झालं की आत व्रण धरतो आणि नंतर गुडघा ना पूर्ण सरळ होतो ना पूर्ण वाकतो. असे गुडघे सोडवताना रुग्णाला किती दुखतं ते मी रोज पाहतो, म्हणून यावर ठाम आहे. दोन-चार आठवडे सूज उतरवण्यात आणि मांडी जागी करण्यात गेले तर ते वाया जात नाहीत.

हे घरी कसं करायचं ते सांगतो. भावाला सतरंजीवर पाय लांब करून बसवा. टाचेखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा, अशी की गुडघ्यामागची जागा अधांतरी राहील. पाय तसाच सैल सोडायचा, स्वतःच्या वजनाने गुडघा खाली येऊ द्यायचा, पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मग टॉवेल काढून गुडघ्यामागे तळहात सरकवून बघा. चांगल्या पायाखाली हात जेवढा जातो तेवढाच दुखऱ्या पायाखाली जायला हवा. त्यानंतर मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघ्याची वाटी वर ओढायची. सुजेमुळे मेंदू या स्नायूला जणू बंदच करून टाकतो. भाऊ म्हणेल, मी जोर लावतोय, पण मांडी हलणार नाही. तेव्हा मशीनने हलका करंट देऊन तो स्नायू जागा करावा लागतो, त्यासाठी फिजिओथेरपिस्ट लागेल. पाय सरळ उचलताना गुडघा किंचितही वाकत नाही, चाल लंगडी राहिलेली नाही, सूज उतरली आहे, एवढं झालं की ऑपरेशनला गुडघा तयार आहे. बर्फ कापडात गुंडाळून लावा. गरम शेक आणि तेल चोळून मालिश नको, आणि कोणाकडूनही 'ओढून बसवून' घेऊ नका.

आता ऑपरेशन करायचंच का? स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय लोकांवर एक चांगला अभ्यास झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, उरलेल्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणावा असा फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनाच तोवर ऑपरेशन लागलं होतं. म्हणजे बँकेत नोकरी करणारा, सकाळी गोदाकाठी चालणारा, सायकल चालवणारा माणूस एसीएलशिवाय चांगला राहू शकतो. असे लोक मी स्वतः पाहतो.

पण तुमचा भाऊ कबड्डी खेळतो. चढाईत एका पायावर अंग तोलून झटक्यात वळायचं, त्यात कोणी घोटा धरलेला असणार. गुडघ्याला वळताना धरून ठेवणारं लिगामेंटच नसेल तर तो पुन्हा सटकणार, आणि प्रत्येक सटक्यात मेनिस्कस आणखी फाटणार. मेनिस्कस गेला की चाळिशीतच गुडघा झिजायला लागतो. त्याला परत मैदानात उतरायचं असेल, तर माझ्या मते ऑपरेशन योग्य आहे. कबड्डी सोडायला तो तयार असेल, तर आधी तीन महिने कसून व्यायाम करून गुडघा सटकतो का ते पाहणंही तितकंच योग्य आहे. हा निर्णय त्याला घेऊ द्या, घरच्यांनी परस्पर ठरवू नका.

सर्जनला भेटाल तेव्हा पहिला प्रश्न मेनिस्कसचा विचारा: शिवणार की कापून काढणार? गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली फाट शिवली तर जुळते. आतल्या कडेला तो नसतो. २२ व्या वर्षी शिवता येण्यासारखं असेल ते शिवलंच पाहिजे, त्यासाठी पुढे महिना-दीड महिना कुबड्या घ्याव्या लागल्या आणि मांडी घालून बसता आलं नाही तरी चालेल.

दुसरा प्रश्न, नवं लिगामेंट कुठून घेणार? मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगच्या दोऱ्या, वाटीखालची पट्टी, वाटीवरची पट्टी, किंवा घोट्याच्या बाजूची पेरोनियस लाँगसची दोरी, असे पर्याय आहेत. वाटीखालची पट्टी मजबूत, पण नंतर गुडघे टेकून बसताना बरेच दिवस दुखतं, आणि आपल्याकडे पूजेला, नमाजाला, शेतात, सगळीकडे गुडघे टेकावे लागतात. हॅमस्ट्रिंग घेतलं तर पाय मागे खेचण्याची ताकद परत मिळवायला जास्त मेहनत लागते. सर्जनचा हात ज्यात बसलेला आहे तेही महत्त्वाचं, म्हणून अमुकच घ्या असा हट्ट धरू नका, पण कारण विचारा.

तिसरा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत. वळण्याचे खेळ खेळणाऱ्या पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने एक जादा पट्टी घालून आधार देतात, त्याला लॅटरल टेनोडेसिस म्हणतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६१८ तरुणांच्या अभ्यासात नुसत्या हॅमस्ट्रिंगच्या ऑपरेशननंतर दोन वर्षांत ११ टक्के ग्राफ्ट (बसवलेल्या दोऱ्या) पुन्हा तुटले, ही पट्टी घातलेल्यांत ४ टक्के. तुमच्या भावाचं वय आणि खेळ नेमका त्यातलाच आहे. 'याला ते करायची गरज आहे का' असं सरळ विचारा.

आता गावातल्या मंडळींचं बोलणं. त्यांनी पाहिलेली मुलं खरीच आहेत. ऑपरेशन होतं, टाके निघतात, दुखणं थांबतं, मुलगा सहाव्या आठवड्यात मोटारसायकल चालवू लागतो आणि व्यायाम सुटतो. बसवलेली दोरी लगेच लिगामेंट होत नाही. ती आधी आतून मऊ पडते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, आणि मग महिनोन् महिने ती नव्याने घट्ट होत जाते. नेमकं सगळं बरं वाटतं त्या दोन-तीन महिन्यांत ती सगळ्यात कच्ची असते. नॉर्वेतल्या खेळाडूंच्या अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जेवढं पुढे ढकललं, तेवढी प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता जवळजवळ निम्म्याने घटली. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा, आणि तो सामना खेळायला परतला मार्च २०२४ मध्ये. त्याच्या इतर जखमाही होत्या हे खरं, पण त्याच्या दिमतीला सगळं असूनही पंधरा महिने लागले. पिंपळगावच्या मुलाने सहा महिन्यांत मॅटवर उतरू नये.

शिवाय नऊ महिने नुसते कॅलेंडरवर संपून उपयोग नाही. जिममध्ये लेग एक्स्टेन्शनच्या मशीनवर एकेका पायाने वजन उचलून बघा. चांगला पाय ४० किलो उचलत असेल तर ऑपरेशनच्या पायाने निदान ३६ उचलायला हवं. (या मशीनवर कधीपासून बसायचं आणि किती वाकवून, ते मेनिस्कसच्या टाक्यांवर ठरतं, फिजिओला विचारल्याशिवाय बसू नका.) एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, दिशा बदलून धावणं, हे सगळं दोन्ही पायांवर जवळपास सारखं जमलं की मग आधी हलका सराव, मग पकड, आणि शेवटी सामना. ऑपरेशननंतर पोटरी अचानक सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता आई, आणि इथे मला जास्त काळजी वाटते, कारण रिपोर्ट वाचून खांदा उघडायची तयारी चालली आहे.

पन्नाशीनंतर सुप्रास्पिनेटसला बारीक किंवा अर्धवट फाट एमआरआयमध्ये अनेकांना दिसते, ज्यांचा खांदा अजिबात दुखत नाही त्यांनाही. म्हणून दुखणं त्या फाटीचंच आहे का हे आधी हाताने तपासावं लागतं. आईला उभं करा, दोन्ही कोपर कमरेला चिकटवून, हात पुढे. आता दोन्ही मनगटं बाहेरच्या बाजूला उघडायला सांगा. उजवं मनगट डाव्याच्या निम्म्यावरच थांबत असेल, आणि तुम्ही हळूच मदत करूनही पुढे जात नसेल, तर सांध्याचं आवरणच आकसलं आहे, म्हणजे फ्रोझन शोल्डर. मधुमेह असलेल्यांना तो जास्त होतो आणि जास्त चिवट असतो. थायरॉइडही एकदा तपासून घ्या. याउलट, तुम्ही उचलून दिला तर हात वर जातो पण सोडला की धप्पकन खाली पडतो, किंवा हातावर पडल्यानंतर एकाएकी हात उचलेनासा झाला, असं असेल तर मोठ्या फाटीचा संशय धरायचा. तिथे मात्र वेळ घालवू नये, ताज्या फाटीची दुरुस्ती लवकर झालेली बरी.

तुम्ही विचारलंत की आईला हे द्राक्षबागेत विरळणी करून झालं का. मांडवाखाली दिवसभर हात वर करून काम करणाऱ्या बायका हंगाम संपता संपता खांदा धरून माझ्याकडे येतात, पण त्यांच्यात बहुतेक वेळा स्नायूंच्या दोऱ्या थकून सुजलेल्या असतात, सांधा आखडलेला नसतो. आईच्या बाबतीत मला साखरेचा वाटा मोठा वाटतो.

फ्रोझन शोल्डर असेल तर पहिल्या दुखऱ्या काळात सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन खूप उपयोगी पडतं. रात्रीची झोप परत येते आणि मग व्यायाम करता येतो. नंतरच्या काळात सलाईन भरून आवरण ताणणं, भूल देऊन हात मोकळा करणं, किंवा दुर्बिणीतून आवरण सोडवणं हे पर्याय आहेत. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या २०२० च्या अभ्यासात भूल देऊन मोकळा करणं, दुर्बिणीतून सोडवणं, आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी या तिन्हींची तुलना झाली. वर्षअखेर रुग्णाला जाणवेल इतका सरस कोणताच ठरला नाही. मग सोप्यापासून सुरुवात का करू नये? व्यायाम हळू: पाठीवर झोपून दोन्ही हातांत लाटणं किंवा काठी धरून दुखरा हात बाहेरच्या बाजूला ढकलणं, टेबलावर हात पुढे सरकवत नेणं. त्यानंतर थोडं दुखेल, पण रात्रभर ठणकत असेल तर जास्त ताणलं गेलं आहे. महिने लागतील, आईला हे आधीच सांगून ठेवा.

पीआरपीबद्दल, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून प्लेटलेट वेगळे काढून देतात त्या इंजेक्शनबद्दल, विचारलंत. या दोघांपैकी कोणालाही पहिला उपाय म्हणून मी ते सुचवणार नाही. स्टेम सेलची जाहिरात करणाऱ्यांपासून दूर राहा.

खर्चाचं: अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात बटण, स्क्रू, अँकर (दोरी हाडाला पक्की करण्याचं सामान) यांचा आकडा वेगळा मागा. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने किमतीला जी मर्यादा घातली ती गुडघा बदलण्याच्या इम्प्लांटची. ती इथे लागू होईल असं धरून चालू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवून विचारा. मुंबईला जायची गरज नाही, ही ऑपरेशनं नाशिकमध्ये नेहमी होतात. उलट नंतरचा फिजिओ पिंपळगावातच मिळाला तर उत्तम. आठवड्यातून तीनदा एसटीने नाशिकला येणं दुसऱ्या महिन्यात बंद पडतं.

आईला इंजेक्शन द्यायचं ठरलं तर आधी एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) करून घ्या, आणि नंतर आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर साखर रोज पाहा, ती काही दिवस चढते. मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच कळवून ठेवा. आणि भावाचा गुडघा आज टॉवेलवर ठेवून पूर्ण सरळ होतो का, रिपोर्टमध्ये मेनिस्कसच्या फाटीचं वर्णन नेमकं काय आहे, ते इथे टाका. नाव आणि फोन नंबर झाकून टाका. त्यावरून पुढचं जास्त नेमकं सांगता येईल.