सगळ्या साइट्सना एकच ६४ पॉइंटचा आरटीयू नको

दादरच्या टेरेसवरच्या कॅबिनेटपासून ऐरोलीच्या स्विच रूमपर्यंत सगळ्या टेलिकॉम साइट्सवर एकच ६४ पॉइंटचा आरटीयू (साइटवरचे अलार्म गोळा करून कंट्रोल रूमला कळवणारा डबा, एक पॉइंट म्हणजे एका अलार्मची किंवा मापाची जोडणी) लावायचा विचार आहे, रेट चांगला मिळतोय, असं म्हणताय. रेटचं मागाहून बघा, आधी प्रत्येक साइटवर कुठले अलार्म लागणार त्याची यादी करा. कॅबिनेटला मेन्स फेल, रेक्टिफायर (मेन्सचं डीसी करून बॅटरी चार्ज करणारा) फेल, दरवाजा, पंखा, झालंच तर आणखी दोनेक, शिवाय बॅटरी व्होल्टेज आणि टेंपरेचर हे दोन अॅनालॉग (नुसतं चालू-बंद नाही, आकडा दाखवणारे), म्हणजे ८ पॉइंटवाला छोटा डबा पुरतो. डीजी (डिझेल जनरेटर) आणि दोन एसी असलेल्या मधल्या साइटला १६ ते ३२, आणि डीजीचा कंट्रोलर मॉडबसवर (यंत्रांची आपसात माहिती द्यायची एक पद्धत) बोलत असेल तर तो पोर्ट हवाच. ६४ वाला फक्त मोठ्या रूमला, तोही दोन पॉवर फीडचा. सगळीकडे थोडे पॉइंट मोकळे ठेवा, नंतर लागतातच.

अॅनालॉगवर कंजुषी नको. मेन्स फेल एवढंच कळतं की लाइट गेली, पण बॅटरी बँक ५४ व्होल्टवरून ४८ वर आली का अजून ५१ लाच आहे हे दिसलं तरच रात्री ठाण्याहून माणूस पळवायचा का ते ठरवता येतं. आणि डबा थेट साइटच्या बॅटरीच्या मायनस ४८ व्होल्ट सप्लायवर चालणारा घ्या, २३० च्या अॅडाप्टरवर टाकलात तर लाइट गेल्यावर खबर देणाराच पहिला झोपणार!

वायरिंग शक्यतो एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेला) कॉन्टॅक्टवर करा, उंदराने वायर कुरतडली तरी अलार्म येतो, एनओवर (नॉर्मली ओपन, एरवी सुटा) असेल तर सगळं आलबेल दिसत राहतं. तळमजल्याच्या साइटला वॉटर सेन्सर लावा, तोही फरशीला टेकवून (२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता, आपल्याकडे हा पॉइंट ऐच्छिक नाही).

डबा अलार्म नेटवर्कवरून एसएनएमपी ट्रॅप या मेसेजने पाठवतो, तो यूडीपीवर (पोचपावती नसलेली पद्धत) जातो, पोचला की नाही ते डब्याला कळत नाही, म्हणून इन्फॉर्म (पोचपावती मागणारा मेसेज) पाठवणारा घ्या नाहीतर एनओसीच्या (नेटवर्कच्या कंट्रोल रूमच्या) मास्टर कॉम्प्युटरने दर काही मिनिटांनी पोल केलं, म्हणजे स्वतः डब्याला विचारलं पाहिजे. साइटची लिंकच पडली तर इन्फॉर्म तरी कुठून जाणार, त्यामुळे लांबच्या साइट्सना फोरजी सिमवाला, आणि सिम तुमच्या मेन लिंकवाल्या कंपनीचं नको.

ऑर्डरआधी व्हेंडरकडून एक डेमो पीस मागा, साइटवर लावा, एमसीबी पाडा, लॅन केबल काढा, आणि एनओसीच्या स्क्रीनवर काय येतं ते बघा.