हेडकॅनन लिहायला घेतलंस? आधी एवढं बघ

हेडकॅनन म्हणजे पात्राबद्दल मूळ पुस्तकात स्पष्ट नसलेली, पण तू मनाशी खरी धरलेली कल्पना. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. एखादं पात्र तुला ट्रान्स वाटतं ना, मग बिनधास्त लिही. फक्त तीन गोष्टींची सरमिसळ नको: मूळ पुस्तकात काय छापलंय, लेखक बाहेर काय म्हणाला आणि तुझा अर्थ काय.

हॅरी पॉटरमधल्या डम्बलडोरचंच घे. सातवं पुस्तक जुलै २००७ मध्ये आलं. तो गे असल्याचं लेखिका रोलिंगबाईंनी सांगितलं ऑक्टोबरमध्ये, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना. पुस्तकात ग्रिंडेलवाल्ड या जादूगाराशी दाट मैत्री दिसते, पण तसं स्पष्ट कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून ‘पुस्तकातच आहे’ असं ठोकून दिलंस की भांडण ठरलेलं. ‘लेखिकेने नंतर सांगितलं’ म्हण, निम्मे वाद तिथेच मिटतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिक्शनच्या (चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या) साइटवर दोन नावांमध्ये ‘/’ म्हणजे प्रेमसंबंध, ‘&’ म्हणजे मैत्री किंवा घरचं नातं. उलट टाकलंस तर जोडी शोधत आलेला वाचक वैतागून परत जातो.
- असेक्शुअल म्हणजे लैंगिक आकर्षण फारसं किंवा अजिबात न वाटणारा; प्रेमच नको असलेला, असं नाही. ज्याला रोमँटिक आकर्षण फारसं किंवा अजिबात वाटत नाही, त्याला एरोमँटिक म्हणतात. एकच व्यक्ती दोन्ही असू शकते, पण असायलाच हवी असं नाही.
- पात्रावर हवे तेवढे तर्क कर, ते साकारणाऱ्या नटाच्या खासगी आयुष्यावर नको. त्याला टॅग करून विचारणं तर अजिबातच नको.

सुरुवात ड्रॅबलने, म्हणजे छोट्याशा कथेने कर: एकच प्रसंग, मोजून १०० शब्द. ‘तो ट्रान्स आहे’ हे वाक्य न वापरता जमतंय का बघ.