हिरव्या चेंडूत कमीपणा नाही

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, टेनिस खेळते. क्लबातल्या सगळ्या मुलांना हरवते, तरी कोच हिरव्या ठिपक्याच्या चेंडूनेच खेळवतात. नेहमीचा पिवळा चेंडू कधी?

उत्तर : घाई कसली? हा चेंडू पिवळ्यापेक्षा सुमारे २५ टक्के संथ, उसळीही कमी. फटका कमरेच्या उंचीवर बसतो. पिवळा खांद्यावर येतो, मग मूल मागे सरकत चेंडू नुसता ढकलतं. कोर्टवर मी हे रोज बघतो आणि तीच सवय अंगवळणी पडते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने तर २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत पिवळा बंदच केला.

खरी अडचण म्हणजे तिला तोडीस तोड कुणी नाही. एखाद्या मुरलेल्या सभासदाकडे आठवड्याला तासभर मागा, पॉइंट मोजून खेळू दे. संध्याकाळची कोर्टं सभासद सोडत नाहीत, ठाऊक आहे. भर दुपारी विचारून बघा.