जोर डाव्या हाताचा की उजव्या?

प्रश्न : मी उजवखोरा गोल्फर आहे. ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) मारताना उजव्या हाताने जोर लावला की चेंडू उजवीकडे वळतो. मग ताकद लावायची कुठल्या हाताने?

उत्तर : मोठा वाटा पाय, कंबर आणि धडाचा. हात तो वेग क्लबच्या डोक्यापर्यंत पोचवतात. डावा हात बऱ्यापैकी सरळ राहून वर्तुळाची त्रिज्या सांभाळतो, धड वळलं की ओढला जातो. क्लब मागे नेऊन वर पोचला की उजवा कोपर साधारण ९० अंशांत दुमडलेला असतो. तो सरळ होताना मिळणारा रेटा खरा, पण तो उशिरा हवा. तुम्ही खाली येतानाच उजवा हात ढकलत असणार. मग मनगटाचा कोन आधीच सुटतो, क्लब बाहेरून आत येतो, फेस (चेंडूला लागणारी क्लबची बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहतो आणि स्लाइस होते, म्हणजे चेंडू उजवीकडे वळतो.

नऊ नंबरचं आयर्न (धातूच्या डोक्याचा, जवळच्या फटक्यांचा क्लब) घ्या. अर्ध्या स्विंगने १० चेंडू नुसत्या डाव्या हाताने मारा, १० नुसत्या उजव्याने. उजवा कोपर बरगडीला घासून खाली यावा. डाव्याच्या शेवटच्या तीन बोटांची पकड पक्की, उजवी सैल.

(अमेरिकन गोल्फर फिल मिकल्सन एरवी उजवखोरा, पण गोल्फ डावखुरा खेळतो, म्हणजे त्याचा बळकट उजवा हात पुढे, लक्ष्याच्या बाजूला!)