शंखजिऱ्याच्या पावडरीत मुलीचे भवितव्य आहे का?

मा. महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुमचे सविस्तर पत्र मिळाले. तुमची कन्या भूशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायानिमित्त विट्याहून उदयपूरला जाऊन स्थायिक झालेले तिचे मामा आता तिथल्या एका सोपस्टोन, म्हणजे शंखजिऱ्याच्या, पावडरच्या गिरणीत भागीदार आहेत आणि परीक्षा संपताच तिने तिकडे यावे, तुम्हीही थोडी रक्कम घालावी, असे त्यांनी सुचवले आहे. टनावारी स्वस्तात विकल्या जाणाऱ्या दगडाच्या भुकटीत तिचे भवितव्य काय, पुढचे शिक्षण सोडावे का, आणि या क्षेत्रात मुलीचा निभाव लागेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. माझे मत आधीच सांगते. क्षेत्र चांगले आहे, परंतु तिने पदव्युत्तर शिक्षण घेऊनच त्यात उतरावे, कारण या खनिजाचा भाव त्याचा दर्जा पारखणाऱ्या माणसावर ठरतो आणि ती पारख नुसत्या अनुभवाने पुरी होत नाही.

शंखजिरे म्हणजे टाल्क हे मॅग्नेशियमचे जलयुक्त सिलिकेट आहे. मोहच्या काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक १, म्हणजे नखानेही त्यावर ओरखडा उठतो. शुद्ध टाल्कमध्ये सुमारे ६३ टक्के सिलिका, ३२ टक्के मॅग्नेशिया आणि पाच टक्क्यांहून किंचित कमी पाणी असते. आपल्या देशात राजस्थान या खनिजात आघाडीवर असून उदयपूर, डुंगरपूर, भीलवाडा आणि दौसा हे त्याचे प्रमुख जिल्हे आहेत. तिकडे त्याला घीया पत्थर म्हणतात. उत्तराखंडात बागेश्वर आणि पिथौरागढ भागात ते मॅग्नेसाइट या खनिजाच्या सोबतीने सापडते आणि खडिया या नावाने ओळखले जाते. डोलोमाइटसारख्या खडकापासून तयार झालेला टाल्क सहसा पांढरा आणि कमी लोहाचा असतो, तर ऋषभदेवच्या आसपास आढळणाऱ्या सर्पेंटिनाइट जातीच्या खडकांशी निगडित टाल्क हिरवट, करडा आणि अधिक लोहयुक्त असतो. मामांच्या गिरणीत दगड कोणत्या पट्ट्यातून येतो, हे तिने सर्वांत आधी विचारावे, कारण पुढचे गिऱ्हाईक तिथेच ठरते.

आता गिरणीत काय चालते ते पाहू. खाणीतून आलेल्या ढेपा अंगणात पसरतात आणि कामगार, त्यांत बहुधा स्त्रियाच, हातोडीने कडा फोडून पांढरा, हिरवट आणि डागाळलेला माल वेगवेगळ्या ढिगांत टाकतात. मग दगड फोडणारा जॉ क्रशर, त्यानंतर दळणारी रेमंड मिल, आणि शेवटी हवेच्या झोताने बारीक-जाड वेगळे करणारा क्लासिफायर, असा प्रवास होऊन २०० किंवा ३०० मेशची (चाळणीच्या एका इंचातील छिद्रांच्या संख्येवरून ठरणाऱ्या बारकाईची) पावडर पोत्यांत भरली जाते. जाणता पर्यवेक्षक चिमूटभर पावडर दोन बोटांत चोळून पाहतो आणि खर लागली की क्वार्ट्झ (गारगोटी) आला आहे, हे ओळखतो. हे कसब मोलाचे आहे, पण बोटांना सगळे कळत नाही. डोलोमाइटची भुकटीही मऊ आणि पांढरीच दिसते. तीच पावडर भट्टीत हजार अंशांच्या आसपास तापवली तर शुद्ध टाल्कचे वजन पाच टक्क्यांच्या आत घटते, तर डोलोमाइटचे सुमारे ४७ टक्के घटते. म्हणजे शंभर भागांत दहा भाग डोलोमाइट मिसळलेला असेल, तर एकूण घट नऊ टक्क्यांच्या घरात जाते आणि भेसळ उघडी पडते. क्लोराइट या खनिजामुळेही घट वाढते, म्हणून खात्रीसाठी एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे क्ष-किरणांनी खनिजे ओळखण्याची चाचणी, करावी लागते. भूशास्त्राच्या विद्यार्थिनीचे स्थान नेमके इथे आहे.

स्वस्त भुकटीबद्दलची तुमची शंका रास्त आहे. साबण, डिटर्जंट आणि कीटकनाशकांच्या भुकटीत भराव म्हणून जाणाऱ्या मालाला मोठा भाव मिळत नाही. पण हाच दगड लोह, शुभ्रता आणि कणांचा आकार सांभाळून तयार केला तर तो रंग, कागद, औषधी गोळ्या आणि प्लास्टिकच्या उद्योगात जातो. चाकण परिसरात जोडल्या जाणाऱ्या मोटारींचे बंपर आणि डॅशबोर्ड ज्या पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्यात ताठरपणा यावा आणि साच्यातून काढल्यावर आकुंचन कमी व्हावे म्हणून टाल्क मिसळतात. टाल्कचे कण पत्त्यांच्या कॅटप्रमाणे थराथरांचे असतात. ते थर अलगद सुटले तर प्लास्टिक बळकट होते, आणि दळताना त्यांचा चुरा झाला तर तो गुण कमी होतो. वाहनांच्या धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा जाळीदार गाभा ज्या कॉर्डिएराइट सिरॅमिकचा करतात, त्यासाठीही मॅग्नेशियाचा पुरवठा म्हणून टाल्क लागते. आपल्याकडे दगड भरपूर आणि दळणाऱ्या गिरण्याही भरपूर आहेत. उणीव आहे ती ग्राहकाला हवा तो दर्जा प्रत्येक खेपेला तसाच देणाऱ्या प्रक्रियेची, आणि विकसनशील देशाची खनिजसंपत्ती स्वस्तात निघून जाते ती याच उणिवेमुळे, असे मला तळमळीने वाटते.

आरोग्याबाबत मात्र मी अजिबात सौम्य बोलणार नाही. या धुळीत क्वार्ट्झ असेल तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये अशा फुप्फुसरोगांसाठी स्वतंत्र धोरण आणले, यावरून प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे. काही साठ्यांत टाल्कसोबत अ‍ॅस्बेस्टॉस जातीची खनिजेही असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात टाकले. त्यामुळे गिरणीत धूळ ओढून घेणारे बॅग फिल्टर चालू स्थितीत आहेत का, पोती भरण्याच्या जागी धूळ मोजली जाते का, कामगारांच्या छातीची तपासणी होते का, हे पाहिल्याशिवाय तिने तिथे एक दिवसही काम करू नये.

मुलगी म्हणून अडचण येईल का, या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अधिसूचनेनंतर स्त्रियांना लेखी संमतीने उघड्या खाणीत रात्रपाळीही करता येऊ लागली आणि भूमिगत खाणीत दिवसा तांत्रिक व पर्यवेक्षणाची कामे करता येऊ लागली. प्रयोगशाळा आणि दर्जा नियंत्रण यांत तर तिला पहिल्यापासूनच अटकाव नव्हता.

शिक्षणाबद्दल माझा सल्ला असा आहे. तिने आयआयटींची ‘जॅम’ ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा अवश्य द्यावी. मुंबईच्या आयआयटीत उपयोजित भूशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. खनिज प्रक्रियेतच जायचे असेल तर बळ्ळारी जिल्ह्यात संडूरजवळच्या नंदिहळ्ळी येथील पदव्युत्तर केंद्राची चौकशी करावी. ते तुमच्या सांगलीहून फार लांबही नाही. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे आणि त्याच्या खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा नागपूर व अजमेर येथे आहेत. प्रकल्पासाठी तिथे अर्ज करावा. भूशास्त्रात एम.एस्सी. झाल्यास केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचाही मार्ग खुला राहतो. मामांची गिरणी तिने उन्हाळी प्रशिक्षणासाठी जरूर वापरावी. महिनाभर ढिगांची निवड, चक्की आणि वजनातील घट यांची नोंदवही ठेवली, तर मुलाखतीत बोलायला तिच्याजवळ स्वतःचे काहीतरी असेल.

गुंतवणुकीचा निर्णय तुमचा आहे, पण घाई करू नका. फेब्रुवारी २०१५ पासून हे खनिज गौण खनिजांत मोडते, म्हणजे खाणपट्ट्याचे (खाणीच्या भाडेकराराचे) नियम राज्य सरकार ठरवते. दगड ज्या खाणीतून येतो तिचा पट्टा कधीपर्यंत आहे, पर्यावरण मंजुरी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती चालू आहे का, ही कागदपत्रे प्रत्यक्ष पाहा. बागेश्वरमध्ये घरांना तडे गेल्याच्या तक्रारींनंतर जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जिल्ह्यातील सोपस्टोनचे खाणकाम थांबवले, तेव्हा तिथल्या दगडावर विसंबून असलेल्या व्यवसायांपुढे कच्च्या मालाचा प्रश्न उभा राहिला. मेहुण्यांशी नाते जपूनही हे कागद मागता येतात. हवे तर कन्येलाच ते वाचायला सांगा.

आपली,
करिअर मार्गदर्शक