ख्रिस्ताच्या राजेपणावर उपदेश करायचा आहे. पुण्यातल्या मराठी मंडळीला भिडतील असे दाखले कुठे शोधावेत?

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या) आधीच्या रविवारी, म्हणजे ख्रिस्तराजाच्या रविवारी, तुम्हाला पहिल्यांदाच उपदेश करायचा आहे. पुस्तकांत आणि नेटवर मिळाले ते सगळे दाखले विलायतेच्या राजाराण्यांचे, ते आपल्या मंडळीच्या गळी कसे उतरवायचे, असं तुम्ही विचारलंय. मी पाळक नाही. पण आमचे पाळकसाहेब गावाला गेले की उपदेशाची जबाबदारी बरेचदा माझ्यावर येते, आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दाखला शोधायला निघण्याआधी तुमचा उतारा राजाबद्दल नेमकं काय म्हणतोय ते पक्कं करा. 'येशू राजा आहे' एवढंच डोक्यात ठेवून शोधलंत तर सिंहासन, मुकुट, हत्ती-घोडे हेच हाती लागणार. ज्या मंडळ्या वाचनपाठाचं तीन वर्षांचं चक्र पाळतात त्यांच्याकडे या रविवारी आळीपाळीने मत्तय २५, योहान १८ आणि लूक २३ येतात. तिन्ही उतारे एकदा सलग वाचून बघा. मत्तयात राजा भुकेल्या-तहानेल्यांच्या वेशात भेटून गेलेला आहे आणि कोणाला पत्ताच नाही. योहानात तो आरोपी म्हणून रोमी सुभेदार पिलातापुढे उभा आहे. लूकमध्ये तो क्रुसावर आहे आणि शेजारच्या गुन्हेगाराला सुखलोकाचं वचन देतोय. मत्तयात सिंहासन आहे खरं, पण तिथेही राजाची भेट होते ती भुकेल्यांत, आणि बाकी दोहोंत दरबार भरलेलाच नाही. म्हणून माझं ठाम मत असं आहे की पृथ्वीवरच्या राजांचे दाखले द्यावेत ते प्रभूशी त्यांचं साम्य दाखवायला नव्हे, तर ते कुठे कमी पडतात ते दाखवायला. साम्य दाखवायला गेलं की उपदेशाचं भाट-वर्णन होतं.

आता पुण्याचं. तुमच्या मंडळीतली निम्मी माणसं शनिवारवाड्यावरून रोज येत-जात असतील. दाखल्यासाठी यापेक्षा जवळची जागा कुठली शोधणार? बहुतेक उपदेशक वाड्याचा उपयोग एकाच तऱ्हेने करतात: १७३० साली पाया घातला, १८१७ च्या नोव्हेंबरात वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं, आज जोती आणि कारंज्याचं कुंड उरलंय, तर बघा, राज्यं येतात-जातात, प्रभूचं राज्य टिकतं. खोटं काही नाही त्यात. पण हे ऐकून कोणाच्या आयुष्यात काही हलत नाही, कारण पेशवाई गेली हे सगळ्यांना माहीतच आहे.

मला त्या वाड्यातली दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. पेशवे राजे नव्हते. राजा साताऱ्याला होता. बाजीरावांचा शिक्का बघा, त्यावर सुरुवातीला अक्षरं आहेत 'राजा शाहू नरपति हर्षनिधान', मग स्वतःचं नाव आणि 'मुख्य प्रधान'. म्हणजे आधी राजा, मग मी. शाहू महाराज होते तोवर त्यांचा शब्द चालायचा. १७४९ मध्ये ते गेले आणि साताऱ्याची गादी हळूहळू नावापुरती उरली. तरी रिवाज मोडला नाही. नव्या पेशव्याला पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याहूनच यायची, मान छत्रपतींचा, शिक्क्यावर नाव छत्रपतींचं, आणि फौज, वसुली, तह, नेमणुका यांचा निकाल मात्र पुण्यात लागायचा.

हा दाखला मंडळीपुढे ठेवा आणि मग आपल्या घरांकडे वळा. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर वचन असतं. दारावर क्रूस असतो. नव्या गाडीवर 'प्रभूच्या कृपेने' लिहिलेलं असतं. हा आपला शिक्का. आता विचारा, भावाभावांत जमिनीची वाटणी झाली तेव्हा निर्णय कोणाचा होता? मुलीला आलेलं स्थळ नाकारलं ते कोणाला विचारून? पगाराचा आकडा, मनातला राग, कोणाशी बोलणं टाकलंय, हा कारभार साताऱ्याहून चालतो की पुण्यातून? मी हे एकदा सांगितलं तेव्हा पुढच्या बाकांवरची कुजबुज थांबली. पुण्याच्या माणसाला सातारा आणि पुणे एवढं म्हटलं तरी कळतं.

दोन पथ्यं मात्र पाळा. पेशव्यांची टिंगल होऊ देऊ नका. त्यांच्या कर्तबगारीचा इथे प्रश्नच नाही, आणि मंडळीत इतिहास वाचणारं कोणी असलं तर ते उपदेश सोडून तुमच्याशी मनातल्या मनात वाद घालत बसेल. दुसरं, दाखला कुठे तुटतो ते स्वतःच सांगून टाका. उत्तरकाळातले छत्रपती परिस्थितीने हतबल झाले होते. आपला राजा हतबल नाही, तो कारभार हिसकावून न घेता दारात उभा राहून ठोठावतो, एवढंच. दाखल्याची मर्यादा उपदेशकानेच दाखवली की ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतो, असा माझा अनुभव आहे.

लूक २३ वर बोलणार असाल तर रस्त्यावरचे फ्लेक्स कामाला येतील. कुठल्याही चौकात बघा, वाढदिवसाचा फ्लेक्स, मध्ये साहेबांचा हसरा फोटो, डोक्याशी सोनेरी मुकुटाचं चित्र, आणि खाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे फोटो, ओळीने. आता क्रुसावरची पाटी वाचा. योहान सांगतो की ती इब्री, रोमी आणि हेल्लेणी अशा तीन भाषांत होती आणि शहराजवळची जागा असल्यामुळे पुष्कळांनी ती वाचली. ती पाटी प्रभूच्या माणसांनी लावलेली नव्हती. मरणाची शिक्षा देणाऱ्या सुभेदाराने लावली, याजकांनी मजकूर बदलायला सांगितला तेव्हाही त्याने बदलला नाही, आणि त्या दिवशी यरुशलेमेत लिहिलेलं सर्वांत खरं वाक्य तेच होतं. त्या पाटीखाली शुभेच्छुक किती? शिष्य पांगलेले, अधिकारी नाक मुरडताहेत, शिपाई आंब देऊन थट्टा करताहेत. एकटा तो गुन्हेगार म्हणतो, तुम्ही राजाधिकाराने याल तेव्हा माझी आठवण करा. मरायला टेकलेल्या माणसाला राज्य मिळणार आहे हे त्या घटकेला त्याला एकट्याला दिसलं. इथे थांबा. यावर अजून शोभेचा दाखला चढवू नका.

खरं तर सगळ्यात मोठं कोठार पवित्र शास्त्रातच आहे, आणि आपण ते सोडून बाहेर हिंडतो. १ शमुवेल ८ मध्ये लोक राजा मागतात तेव्हा शमुवेल राजा काय काय घेईल याची यादीच वाचतो: तुमचे मुलगे, तुमच्या मुली, चांगली शेतं, द्राक्षमळे, धान्याचा दहावा हिस्सा, गाढवं, मेंढरं. ही यादी मोठ्याने, संथपणे वाचा आणि लगेच मार्क १०:४५ वाचा, मनुष्याचा पुत्र सेवा करायला आणि आपला जीव द्यायला आला. दोन्ही वाचनांमध्ये तुम्ही एक शब्द बोलला नाहीत तरी चालेल. शास्ते ९ मधली योथामाची गोष्ट लहान मुलांनाही आवडते. झाडं राजा शोधायला निघतात, जैतून नाही म्हणतो, अंजीर नाही म्हणतो, द्राक्षवेल नाही म्हणते, आणि शेवटी काटेरी झुडूप गादीवर बसतं. पुढे सैनिकांनी आपल्या राजाच्या डोक्यावर काटेच ठेवले, हे मुलांना जोडून दाखवता येतं.

लूक १९ मधला उमराव दूर देशी राज्य मिळवायला जातो, त्यामागेही इतिहास आहे. हेरोद राजा मेल्यावर त्याचा मुलगा अर्खेलाव राज्याची मान्यता मिळवायला रोमला गेला आणि त्याच्यामागोमाग यहूद्यांचं शिष्टमंडळ तक्रार घेऊन गेलं, आम्हाला हा नको. प्रभूने हा दाखला यरीहोतून निघताना सांगितला, आणि अर्खेलावाने पुन्हा बांधून काढलेला राजवाडा त्याच यरीहोत होता. ऐकणाऱ्यांना संदर्भ फोडून सांगायची गरजच नव्हती. स्वतः प्रभू दाखले कुठून उचलत होता ते यावरून दिसतं, ज्या रस्त्याने लोक चालले होते त्या रस्त्यावरून. तुम्ही शनिवारवाडा उचललात तर त्याचीच रीत पाळताय.

मंडळीच्या इतिहासातला एकच दाखला निवडायचा तर मी पॉलिकार्प निवडेन. दुसऱ्या शतकातला स्मुर्ण्याचा हा म्हातारा अध्यक्ष. कैसराला, म्हणजे रोमी सम्राटाला, प्रभू म्हणायला काय हरकत आहे, असं त्याला अधिकाऱ्यांनी समजावलं. भर मैदानात त्याचं उत्तर होतं की ८६ वर्षं मी ख्रिस्ताची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, मग ज्याने मला तारलं त्या माझ्या राजाची निंदा मी कशी करू? त्याला जाळलं. योहान १८ बरोबर हा चपखल बसतो, कारण पुढच्याच अध्यायात याजक ओरडतात की कैसराशिवाय आम्हाला राजा नाही.

सणाचा इतिहासही थोडक्यात सांगा. पोप पायस अकरावे यांनी तो १९२५ मध्ये सुरू केला. पहिल्या महायुद्धात जर्मनी, ऑस्ट्रिया, रशियाची सिंहासनं कोसळली होती आणि इटलीत मुसोलिनी वर चढत होता. आधी हा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे, नंतर उपासनावर्षाच्या शेवटी आला आणि पुढे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही तो स्वीकारला. दोन-तीन वाक्यांत आटपा, इतिहासाचा तास नको.

शिवाजी महाराजांचं नाव तुमच्या मनात आलंच असेल. महाराजांना आणि प्रभूला तराजूत घालू नका. आपल्या बाकांवर बसलेली माणसंही महाराजांवर जीव टाकणारी आहेत आणि त्यात काहीही चूक नाही. घ्यायचंच तर सोन्याच्या नांगराची परंपरा घ्या. आदिलशाही फौजेने पुणं उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, आणि जिजाऊंनी बाळ शिवाजीच्या हातून तिथेच सोन्याचा नांगर फिरवला असं सांगतात. ओसाड ठरवलेल्या जमिनीवर आपला हक्क सांगणारा कोणी येतो, एवढा एकच धागा धरा आणि सोडून द्या.

मत्तय २५ साठी आपल्याकडे पंडिता रमाबाई आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, सरकारी निर्बंध, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेलं, आणि तिथे त्यांची 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. विद्वान बाई, मूळ इब्री-ग्रीकवरून शास्त्राचं मराठी भाषांतर करणारी, आणि तिचा राजा तिला खपाटीला गेलेल्या पोटांत भेटला. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात सुरू केलेला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळाही आठवा. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती, आणि तोही छत्रपतींच्या साताऱ्यात. टिळक दोन वर्षांतच गेले, पण वर सांगितलेल्या शिक्क्याच्या दाखल्याला याची जोड छान मिळते.

व्हॉट्सॲपवर फिरणारे दाखले टाळा. 'अलेक्झांडर, सीझर आणि मी बळावर राज्यं उभारली, येशूने प्रेमावर' हे नेपोलियनच्या नावावरचं वाक्य दर वर्षी कोणीतरी वाचतंच. ते त्याच्या मृत्यूनंतर इतरांनी लिहिलेल्या मजकुरातून आलंय, त्याने तसं म्हटलं याची खात्री नाही. सत्याविषयी साक्ष द्यायला जन्मलेल्या राजाबद्दल बोलताना कच्ची गोष्ट व्यासपीठावर नेऊ नये.

नवं काही शोधायचं असेल तर बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत किंवा नगर रोडच्या पेपल सेमिनरीत ओळख काढा. 'ज्ञानोदय' (१८४२ पासून) आणि 'निरोप्या' (१९०३ पासून) या मराठी ख्रिस्ती नियतकालिकांचे जुने अंक मिळाले तर सोडू नका, आपल्याच गावांतल्या माणसांच्या गोष्टी त्यांत आहेत. इतिहासाचा तपशील अडला तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे.

एका उपदेशात एक मोठा दाखला पुरे. यंदा तुमच्याकडे तीनपैकी कोणता उतारा आहे ते कळवा. लूक असेल तर पाटी घ्या, योहान असेल तर शिक्का. आणि मत्तय असेल तर उपदेश लिहायला बसण्याआधी दौंडच्या गाडीने एकदा केडगावला जाऊन या.