वन बीएचकेमध्ये दोन मांजरं आहेत, लिटर बॉक्सभोवतीचा वास आणि घरभर होणारी वाळू कशी आवरावी?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला वन बीएचके आहे, एक बोका आणि एक मांजरी, दोघांना मिळून एकच लिटर बॉक्स (शी-शूसाठी वाळू, म्हणजे लिटर, भरलेला टब), तोही ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनला खेटून. रोज फिनेलने पुसता तरी वास जात नाही, वाळू ओट्यापर्यंत येते आणि गेल्या आठवड्यापासून बोका बॉक्सच्या बाहेर शू करतोय. त्यात घरात बाळ येणार आहे, म्हणून तुमची आई म्हणतेय की मांजरं कुणाला तरी देऊन टाका. मांजरं द्यायची काहीच गरज नाही. पण फिनेल मात्र आजपासून बंद करा.

काळं फिनेल डांबरापासून बनतं. त्यातल्या फिनॉलसारख्या द्रव्यांचा निचरा करायची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. पुसलेल्या फरशीवरून ते चालतं, मग बसून पंजे चाटतं आणि सगळं पोटात जातं. पांढरं फिनेल पाइन तेलाचं असतं, तेही नको. डेटॉलही नको. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी तर त्या जागी अजिबात वापरू नका, कारण शूमधल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो आणि ड्राय बाल्कनीची खिडकी बंद असेल तर तो तुमच्याच नाकात जाणार. शिवाय मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. बॉक्सभोवती उग्र वास असेल तर ते जागाच बदलतं. बोका बाहेर का जातोय याचं एक कारण इथेच असू शकतं.

दुसरं कारण आधी तपासून घ्या. तो बराच वेळ जोर करत बसतो आणि थेंब थेंबच येतं, ओरडतो, सारखा तिथेच चाटतो, असं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरकडे न्या. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. शू नीट मोकळी होत असेल, तर पुढचं वाचा.

ताज्या शूला फारसा वास नसतो. त्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, त्याला थोडा वेळ लागतो, आणि आपल्याला झोंबतो तो हा अमोनिया. म्हणून सकाळी आणि रात्री, रोज दोनदा शी आणि शूचे गोळे उचलणं यापेक्षा मोठा उपाय नाही. अत्तर मारलेलं लिटर, अगरबत्ती, रूम फ्रेशनर हे पैसे वाया. बिनवासाचं, गोळे होणारं बेंटोनाइटचं (एक प्रकारच्या चिकणमातीचं) लिटर घ्या आणि ते दोन-तीन इंच जाड पसरा. कंजूषी करून पातळ थर दिला की शू तळाला पोचते, तिथे चिखल होऊन चिकटते आणि खरवडताना गोळा फुटतो. बहुतेक घरांतला वास मला या तळाच्या चिखलाचाच वाटतो. बांधकामाची वाळू वापरत असाल तर तिच्यात गोळे होतच नाहीत, सगळी शू खाली झिरपते. तीन-चार आठवड्यांनी सगळं लिटर काढून बॉक्स गरम पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, मगच भरा.

आईंची काळजीही रोज उचलण्यानेच बरीचशी मिटते. त्यांना भीती आहे ती टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या शीतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या परजीवीची. मांजराच्या शीतून त्याची बीजं बाहेर पडली तरी ती रोग पसरवण्याजोगी व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणजे शी त्याच दिवशी उचलली तर धोका फार कमी. घरातच राहणाऱ्या, कच्चं मांस न खाणाऱ्या आणि उंदीर न मारणाऱ्या मांजरांना हा संसर्ग मुळात क्वचितच होतो. तरी बाळ होईपर्यंत बॉक्सचं काम तुम्हीच करा, पत्नीला त्याला हातही लावू देऊ नका, आणि त्यांच्या डॉक्टरांना घरात मांजरं असल्याचं सांगून ठेवा.

आता जागा. मशिन ड्रायरला लागून धडधडायला लागलं की आत बसलेलं मांजर दचकून उडी मारतं, आणि एकदा घाबरलं की पुन्हा तिथे जायला कचरतं. बॉक्स तिथून हलवा. नियम मांजरं अधिक एक असा आहे, म्हणजे तुम्हाला तीन. वन बीएचकेत तीन ठेवणं अवघड आहे हे मला कळतं, पण निदान दोन ठेवा, आणि वेगवेगळ्या खोल्यांत. शेजारी शेजारी ठेवलेले दोन मांजराच्या लेखी एकच असतात. महागडे झाकणाचे बॉक्स घेऊ नका, आत वास कोंडतो. बोहरी आळीत प्लास्टिकचे मोठे खोल टब मिळतात, मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी बघून घ्या आणि एका बाजूला आत शिरण्यापुरता खालपर्यंत काप द्या. उंच कडांमुळे उकरताना वाळू उडत नाही. काप दिलेल्या बाजूला भोकाभोकांची रबरी मॅट टाका, पंज्यातले खडे तिथेच गळतात. कापडी पायपुसणं नको, त्यावर शू होते. लांब केसांचं मांजर असेल तर पंज्यांच्या बोटांमधले केस थोडे कापावे लागतात.

पुसूनही वास राहतो तेव्हा डाग बहुधा फरशीवर नसतो. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च घ्या, रात्री दिवे बंद करून बॉक्सच्या मागची भिंत बघा. उभ्याने मारलेली शू वीतभर उंचीवर हिरवट-पिवळी चमकते, आणि तिथून ओघळ स्कर्टिंगच्या फटीत गेलेला दिसतो. टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट ती पिऊन घेतं. अशा जागी एन्झाइम क्लीनर (शूमधली वासाची द्रव्यं फोडणारं द्रावण) ओतून दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या, लगेच पुसू नका. जुन्या इमारतीत शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर व्हिनेगर किंवा ॲसिड वापरू नका. तो चुनखडीचा दगड, आम्लाने खरबरीत होतो आणि मग आणखी शोषतो.

पावसाळ्यात ड्राय बाल्कनीत झड येते, हवेतला ओलावाही लिटर ओढून घेतं. तिथे मशिनपासून लांब एखादा बॉक्स ठेवलाच असेल, तर जून ते सप्टेंबर तो आत घ्या आणि लिटरची पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

राहिला कचरा. संडासात टाकू नका, बेंटोनाइट पाण्याने फुगतं आणि सोसायटीची लाइन तुंबते. सोसायटीच्या खत खड्ड्यातही नको, टॉक्सोप्लाझ्माची बीजं मातीत महिनोन्महिने टिकतात. पुण्यात बऱ्याच ठिकाणी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारावर येतात आणि तो कचरा पुढे हाताने वेगळा करतात. गोळे वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, सॅनिटरी पॅडवर करतो तसा लाल ठिपका काढा, ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळी पुडी हातात द्या आणि आत काय आहे ते पहिल्याच दिवशी त्यांना सांगा.